वर एम, खाली एक्सएल

गेल्या दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी मी गोखले रोडवरच्या एका दुकानाच्या ट्रायल रूममध्ये दोन्ही हात वर करून अडकले होते. मोरपंखी रंगाचा, सरळ कटाचा सुती कुर्ता. डोक्यातून गेला, खांद्यावर बसला, छातीवर बसला, कंबरेला तर असा नेमका बसला की क्षणभर वाटलं, यंदा जमलं. मग तो खाली ओढला. कंबरेखाली चार बोटं आला आणि थांबला. पुढे सरकेना. परत वर घ्यावा तर खांद्यांतून निघेना. पडद्याबाहेरून मुलीचा आवाज आला, "मॅडम, एल देऊ का?"

एल आला. खाली जेमतेम उतरला, पण खांद्याची शिवण दंडावर. मग एक्सएल. तो खाली अगदी मापात, आणि वर मात्र आईचा ब्लाउज घालून आरशासमोर उभी राहिलेली दुसरीतली मुलगी. "वरून थोडंसं अल्टर करून घ्या ना मॅडम," ती म्हणाली. हे 'वरून थोडंसं' मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून ऐकतेय. आता सेहेचाळिसावं चालू आहे.

बाहेर रांग होती, भाजणी दळून आणायची होती, रंग आवडला होता. एल घेतला. पहिल्या आंघोळीच्या सकाळी राम मारुती रोडला जायचं म्हणून रिक्षात चढताना उजवा पाय वर टाकला आणि चर्र! शिवण उसवली असती तर एक वेळ ठीक, इथे बाजूच्या कटाच्या टोकापासून कापडच फाटलं होतं, पार कंबरेपर्यंत. त्या सकाळी राम मारुती रोड आणि तलावपाळीला निम्मं ठाणं नटूनथटून उभं असतं. त्या गर्दीत मी ओढणी डाव्या खांद्यावरून उजव्या मांडीवर आणून, मुठीत धरून दोन तास काढले. मैत्रीण म्हणाली, "ओढणी काय वेगळीच घेतलीस गं, मस्त दिसतेय." फोटोत खरंच मस्त दिसतेय.

तर माप सांगूनच टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. उंची पाच फूट एक इंच. छाती ३६, कंबर ३२, सीट ४४. शिंप्यांच्या भाषेत नितंबांच्या घेराला सीट म्हणतात आणि मला हा शब्द आवडतो. त्यात ना लाज, ना कौतुक, नुसता आकडा. घरातले शब्द वेगळे होते. आजी म्हणायची 'बैठकीत भरलेली', आत्या म्हणायची 'खाली जड', आणि एका मामींनी माझ्या लग्नाच्या बोलण्यात, माझ्याच समोर, 'बाळंतपणाला चांगलं असतं' असं सांगून विषय संपवला होता. मासिकं आली तेव्हा कळलं की आपण पेअर, म्हणजे नासपतीच्या आकाराच्या आहोत. बाकीच्या बायका सफरचंद, वाळूचं घड्याळ वगैरे. ही फळं कुणी ठरवली कोण जाणे. आपल्याकडे ठरवायचं असतं तर फडताळातच किती आकार होते. तांब्या, गडू, सुरई, रांजण. मी सुरई. पेअरपेक्षा ऐकायलाही बरं वाटतं.

आकाराला काहीही म्हणा, अडचण आकड्यांमधल्या फरकाची आहे. माझ्या छाती आणि सीटमध्ये आठ इंचांचं अंतर, कंबर आणि सीटमध्ये बारा. तयार कुर्त्यांचे मी पाहिलेले बहुतेक तक्ते छाती आणि सीटमध्ये तीन-चार इंचांचा फरक धरून चालतात. एका मापाचा नमुना बनवायचा आणि मग तो सगळीकडून ठरावीक प्रमाणात वाढवत न्यायचा, अशी ती रीत. म्हणजे एमची बाई फुगवली की एक्सएलची बाई. ती फुगताना खांदेही फुगतात, हेच माझं दुखणं. शरीर असं सगळीकडून सारखं वाढत नाही, हे कुठल्याही बाळंत झालेल्या बाईला विचारा.

मापांचा हा धंदा तसा फार जुना नाही. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारी पैशाने सुमारे पंधरा हजार बायकांची अंगभर मापं घेतली गेली, १९४१ मध्ये त्याचा अहवाल आला. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. तरी तिथे निदान मोजलं तरी. आपल्याकडची दुकानं वर्षानुवर्षं परक्या तक्त्यांवर चालली. मग निफ्टने, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, 'इंडियासाइज' नावाचा प्रकल्प घेतला. सहा शहरांतल्या, १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार माणसांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, अशी ती योजना होती. सहांत मुंबई आहे. निफ्टचं मुंबईचं केंद्र खारघरला. मी रोज ठाणे-पनवेलच्याच गाडीने रबाळ्याला उतरते, म्हणजे त्याच वाटेवर असते. मला कुणी मोजायला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर रजा टाकून गेले असते.

मला मोजलं ते चरईतल्या काकूंनी.

दिवाळीनंतरच्या सोमवारी तो फाटका मोरपंखी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. तळमजल्यावरची एक खोली, खिडकीत मशीन, मशीनवर पिवळा दिवा, दाराला पिको-फॉलची पाटी. इमारत पुनर्विकासात जायची आहे म्हणून जिन्याला तीन वर्षांपासून टेकू लावलेत; काकू त्या टेकूंवर पिशव्या अडकवतात. मी दहावीत असताना आई मला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन आली होती. आईने सांगितलं होतं, "जरा ऐसपैस शिवा, तिचं दिसायला नको." काकू टेप गळ्यात तसाच ठेवून म्हणाल्या होत्या, "वहिनी, ऐसपैस शिवला की तंबू होतो. मग सगळेच बघतात, आत काय आहे म्हणून." मधली काही वर्षं मी रेडिमेडच्या नादाने त्यांच्याकडे फिरकले नव्हते. त्यांनी ते काढलं नाही. कुर्ता उलटा केला, फाटलेली जागा बोटाने चाचपली आणि पहिला प्रश्न विचारला, "माया बघितली होतीस?"

माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग वाढलं तर उसवून सोडता यावं म्हणून. माझ्या कुर्त्यात माया पाव इंचाचीही नव्हती. कडेला ओव्हरलॉक मारून कापड जिथल्या तिथे छाटलेलं. "ह्याला सोडणार काय आणि कुठून?" काकूंनी विचारलं. "आणि हा कट बघ. नेमका तुझ्या सगळ्यात रुंद जागेच्या खाली सुरू केलाय. वर कापडाला जागा नाही, खाली मोकळं. तू पाय उचललास की सगळा ताण ह्या एका टोकावर. फाटणार नाही तर काय?"

मला वाटत होतं की मी जाड म्हणून फाटला. कट दोन इंच खाली होता म्हणून फाटला, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी माप घेतलं. खांदा, मुंढा, छाती, कंबर उभं राहून. सीटच्या वेळी मात्र स्टूल पुढे सरकवलं. "बस."

"बसून?"

"तू दिवसभर उभी असतेस का? हापिसात बसतेस, रिक्षात बसतेस. बसल्यावर मांस पसरतं. उभ्याने घेतलेलं माप आरशापुरतं."

बसून घेतलेलं माप सव्वाचव्वेचाळीस नाही, पंचेचाळीस नाही, साडेसेहेचाळीस भरलं. अडीच इंच! गेली तीस वर्षं हे अडीच इंच मी कापडाकडून ओढून घेत होते. काकूंनी वहीत लिहिलं. वहीत माझं पान अजून होतं. त्यावर दहावीतली मापं पेन्सिलने, लग्नाच्या वेळची निळ्या शाईने. दहावीतही छाती आणि सीटमध्ये सात इंचांचा फरक होता. म्हणजे मी तेव्हा 'बारीक' होते त्या काळातही, ज्याचे फोटो बघून मी आता हळहळते, दुकानातला कुर्ता मला बसलाच नसता. आकार तोच होता. आकडे फक्त वर सरकले.

"आता ऐक," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखीचा कपडा खालून ठरवायचा. सगळ्यात मोठं माप धरायचं आणि वर कमी करत यायचं. दुकानवाले वरून ठरवतात."

झालं, एवढंच. मासिकांतल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा मला हे एक वाक्य जास्त कामाला आलं. कारण खालून विचार सुरू केला की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर येतात. कुर्त्याची उंची कुठे संपवायची? रुंद जागेवर तर मुळीच नाही, कारण कपड्याची कड ही एक रेघ असते आणि ती जिथे येते तिथे डोळा थांबतो. मग एकतर कंबरेच्या हाडाशी, नाहीतर सरळ गुडघ्याखाली. माझ्या उंचीला काकूंनी बेचाळीस इंच ठरवले. बाजूचा कट सुरू करायचा तो रुंद जागेच्या वर, म्हणजे बसताना कापड दोन्हीकडे मोकळं होतं. आणि तो वर घेतला की आतली लेगिंग दिसते, म्हणून लेगिंग नको, सरळ पॅन्ट हवी. पॅन्टचं वेगळंच रामायण आहे. माझ्या सीटला बसणारी कुठलीही तयार पॅन्ट मागे कंबरेला इतकी उघडी राहते की तिच्यात डबा ठेवता येईल. त्यावर उपाय म्हणजे मागच्या पट्टीत दोन टक्स, नाहीतर मागच्या बाजूला नुसतं इलॅस्टिक. शंभर-दीडशे रुपयांचं काम. पट्टा बांधून ते होत नाही, कापडाच्या चुण्या पडून मागे गाठोडं होतं.

सरळ कट सोडून दुसरं काही, म्हणून काकूंनी कळीचा कुर्ता सुचवला. मी नाक मुरडलं. कळीचा म्हणजे फुगणार, मी आधीच. त्यांनी वर्तमानपत्र घेतलं आणि कात्रीने कापून दाखवलं. मधे एक सरळ पट्टा, खांद्यापासून खालपर्यंत, खांद्याच्याच रुंदीचा. दोन्ही बाजूंना एकेक कळी, वर निमुळती आणि खाली रुंद. बगलेत छोटा चौकोनी तुकडा, हात वर करायला. मधला पट्टा अंगावर उभा राहतो, वळत नाही, म्हणून समोरून बघणाऱ्याला आपली रुंदी खांद्याएवढीच वाटते. खरी रुंदी कळ्या बाजूला मुकाट सांभाळतात. आणि कळ्या एकमेकींना उलट्या ठेवून कापल्या की कापड वायाही जात नाही. सीटचं माप न घेतासुद्धा बसेल असा हा कपडा. टेप आणि तक्ते यायच्या कितीतरी आधी कुणीतरी सुरईच्या आकाराच्या बाईचा विचार करून ठेवला होता आणि मी ट्रायल रूममध्ये हात वर करून उभी होते.

कापड आणायला जांभळी नाक्याला गेले. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, तीन मीटर, असं काकूंनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. पहिल्यांदा खणाचं कापड मनात भरलं, कारण सध्या ज्याच्या त्याच्या अंगावर खण आहे. खण गुळेदगुड्डचा, मूळचा चोळीचा, म्हणून त्याचा पन्हा अरुंद. कुर्ता करायचा तर ठिकठिकाणी जोड येतात, आणि कापड इतकं कडक की कंबरेखाली ते अंगापासून दूर उभं राहतं. माझ्यासारखीने खण वर वापरावा. ब्लाउजला, नाहीतर कुर्त्याच्या नुसत्या योकला, म्हणजे छातीवरच्या वेगळ्या जोडलेल्या तुकड्याला. दुकानदाराने मग रेयॉन दाखवला. छान पडतो, पण दोन धुण्यांनंतर अंगाला चिकटायला लागतो. शेवटी मऊ सुती घेतलं, आत मलमलचं अस्तर. अस्तराने एक होतं, वरचं कापड पॅन्टला न चिकटता घसरतं. चालताना मांड्यांमध्ये गोळा होणारा कुर्ता आणि सरळ पडणारा कुर्ता यांत बहुतेक वेळा अस्तराचाच फरक असतो.

कापडावर आडव्या रेघा होत्या. हे मी मुद्दाम घेतलं आणि काकूंना एक गोष्ट सांगायची म्हणूनही घेतलं. आडव्या रेघांनी बाई जाड दिसते हे आपल्याकडे वेदवाक्य आहे. पण हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ मध्येच लिहून ठेवलंय की एकाच मापाचे दोन चौकोन घेतले, एक आडव्या रेघांनी भरला आणि दुसरा उभ्या, तर आडव्या रेघांचा चौकोन उंच आणि अरुंद दिसतो. पुढे इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने बायकांच्या आकृत्यांवर हेच तपासलं. २०११ च्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की आडव्या रेघांनी तुम्ही जाड दिसत नाही.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दोऱ्याला गाठ मारली. "त्याने किती ब्लाउज शिवले?"

मग म्हणाल्या, "रेघेचं काही नसतं गं. रेघ सरळ राहिली तर आडवी काय, उभी काय. ती वाकडी झाली की संपलं. कापड ओढलं गेलं की रेघ वाकते, मग लांबूनही कळतं की आत जागा नाही." त्यानंतर मी गाडीत बायकांच्या कपड्यांवरच्या रेघा बघत बसते. खरं आहे. बारीक बाईच्या तंग कुर्त्यावरची वाकलेली रेघ जाड दिसते आणि लठ्ठ बाईच्या मापातल्या कुर्त्यावरची सरळ रेघ डोळ्यांना खुपत नाही. काळ्या रंगाचंही असंच असावं. काळा काही बारीक करत नाही, फक्त चुण्यांची सावली त्यात दिसत नाही, म्हणून शिंप्याची चूक पोटात घालतो.

साडीचं मात्र मला कधी कोडं पडलं नाही. साडीला मापच नाही. सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर, सगळ्यांना तेवढीच. तरीही दोन गोष्टी मी उशिरा शिकले. एक, परकर. नाडीचा, वरून चुण्यांचा परकर कंबरेखाली नको तिथे जाडी वाढवतो. सहा कळ्यांचा, वर बेताचा आणि खाली घेरदार परकर घातला की तीच साडी दोन इंच आत जाते. दुसरं, खळ. नव्या सुती साडीच्या खळीने निऱ्या पोटावर पेटीसारख्या उभ्या राहतात. दोनदा धुऊन नेसली की त्या खाली पडतात. काठ रुंद आवडतात, पण माझ्या उंचीला चार इंचांपुढचा काठ म्हणजे साडीच मला नेसल्यासारखी वाटते. तरीही एक रुंद काठाची इरकल आहे माझ्याकडे, आईची. ती मी नेसते. तिथे नियम बाजूला.

परत कुर्त्याकडे येते. गळा काकूंनी होडीसारखा आडवा पसरट ठेवला, खांदे अरुंद आहेत ते जरा रुंद वाटावेत म्हणून, आणि बाहीला खांद्याशी दोन बारीक चुण्या घेतल्या. सगळं काम वरच्या एक वितीत. खाली साधं कापड. "जिथे बघायला काही आहे तिथेच लोक बघतात," त्या म्हणाल्या. इथपर्यंत आमचं जमलं होतं. मग मी खिसा मागितला.

काकूंनी चष्मा काढला. "कुठे?"

"कुर्त्याला. बाजूला."

"तिथे? म्हणजे नेमका तिथेच?"

मलाही कळत होतं. सुरईच्या पोटावर कुणी खिसा लावतं का? खिसा आला की आत काहीतरी पडणार, ते फुगणार, आणि मेहनतीने सरळ पाडलेली ती कळी बाजूला येणार. पण मला सकाळी ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून वाशीची नाहीतर पनवेलची गाडी पकडायची असते. एका हातात डब्याची पिशवी, दुसरा हात वर कडीला. पास काढायला पर्स उघडावी तर पर्स तीन बायकांच्या मधे दबलेली. दिघा गाव, ऐरोली, रबाळे; दहा-बारा मिनिटांत उतरायचं. मला खिसा हवा होता. तीस वर्षं कुठला कपडा मला बारीक दाखवेल याचा विचार केला, पण त्यात किल्ली कुठे ठेवायची याचा एकदाही केला नाही, आणि हे मला त्या क्षणी फार विचित्र वाटलं.

बरंच झालं आमचं. त्या म्हणाल्या, दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. त्या म्हणाल्या, मग कळीचं कशाला केलं एवढं, गोणच शिवली असती. मी गप्प बसले. शेवटी त्यांनी वहीत माझ्या पानावर, साडेसेहेचाळीसच्या खाली लिहिलं, 'उजवीकडे खिसा १', आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

आठ दिवसांनी कुर्ता आला. रेघा खांद्यापासून खालपर्यंत सरळ. आत दोन्ही बाजूंना इंच-इंच माया. स्टुलावर बसून पाहिलं, मांडी घालून पाहिलं, काकूंच्या उंबऱ्यावर पाय टाकून रिक्षात चढल्याचं सोंगही करून पाहिलं. काही ताणलं नाही. खिसा कळीच्या शिवणीत असा लपवलेला की हात घालेपर्यंत मला सापडेना.

सोमवारी गाडीत चढून मी त्यात पास टाकला, किल्ली टाकली. फोन टाकायला गेले तर तो निम्मा बाहेर. परत दाबला, तरी निम्मा बाहेर. खिसा चार बोटं खोल होता, एक सूत जास्त नाही. काकूंना चुकून असं काही होत नाही. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि रबाळ्याला उतरल्यावर त्यांना मेसेज केला की पुढच्या कुर्त्याला सहा बोटं. अजून उत्तर आलेलं नाही, पण दोन निळ्या खुणा दिसताहेत.